डझनातली शेवटची दोन

केळ्याची भजी कोणी ठरवून करीत नाही, असे माझे जुने मत आहे. केळी डझनाने आणली जातात, त्यातली 10 दोन दिवसांत संपतात आणि उरलेली दोन टोपलीत काळी पडत राहतात. घरातला प्रत्येक जण त्यांच्याकडे पाहतो आणि दुसरे कोणीतरी खाईल असे समजून पुढे जातो. फ्रिजमध्ये ठेवण्यातही अर्थ नसतो. 13 अंशांखाली केळ्याला थंडी बाधते आणि साल अधिकच काळवंडते. परवा दुपारी नेरूळच्या आमच्या स्वयंपाकघरात अशाच दोन केळ्यांवर चिलटे भिरभिरताना दिसली आणि मी कढई चढवली.

ठाण्याला, नौपाड्यातल्या आमच्या चाळीत, पावसाळ्यात कांदाभजी व्हायची तेव्हा पहिला घाणा केळ्यांचा असे. एकदा कांदा पडला की तेलाला वास लागतो, म्हणून आईचा हा नियम कधी मोडला नाही. डाळीच्या पिठात मीठ, चिमूटभर हळद, चमचाभर तांदळाची पिठी आणि वरून कडकडीत तेलाचे मोहन. साखर मात्र अजिबात नाही. गोड केळ्याला खारट पांघरूणच शोभते, यावर मी आजही वाद घालायला तयार आहे. कुरकुरीत कवच फुटले की आतले ऊन केळे जिभेला चटका देई आणि आई "अगं, फुंकर मार" असे म्हणे, पण ते नेहमी भजे तोंडात गेल्यानंतर.

केळी अगदीच लिबलिबीत झाली असतील तर आई चकत्यांच्या भानगडीत पडत नसे. ती कुस्करून त्यात गूळ, जायफळ आणि मावेल तितकी कणीक घालून गुलगुले करी. माझे लक्ष तेव्हा खाण्याकडे असल्यामुळे हा फरक ध्यानात राहिला नाही. परवा मी त्या मऊ केळ्यांच्या चकत्याच कापल्या. झाऱ्याने उलटताच पिठाचे कवच सुटले, गर तेलात उतरला आणि पाहता पाहता करपून त्याच्या काळ्या गाठी कढईभर तरंगू लागल्या.

आमच्या शेजारच्या मल्याळी चेची, म्हणजे ताई, फार सुरेख पळमपोरी, म्हणजे केरळी पद्धतीची केळ्याची भजी, करतात. त्यांच्यापाशी मी हे रडगाणे गायले, तेव्हा त्यांनी आधी केळी कोणती होती ते विचारले. "उरलेली," मी म्हणाले. उरलेल्या केळ्यांची पळमपोरी करतात हे त्यांनी जन्मात ऐकले नव्हते. त्यांच्याकडे त्यासाठी खास नेंद्रन जातीचे केळे आणतात, पिवळेधमक पण बोटाला घट्ट लागणारे, उभे चिरून मैद्याच्या पिठात बुडवायचे. आणि त्या पिठात साखर असते, ही गोष्ट मी मोठ्या मनाने ऐकून घेतली.

दुसऱ्याच दिवशी मी किलोभर नेंद्रन आणले. किलोत पाच बसली. पीठ अर्थातच डाळीचे आणि खारे केले. तीन केळ्यांची भजी झाली, छान झाली, सगळ्यांचे पोट भरले. उरलेली दोन टोपलीत आहेत.