भाऊचा धक्का ते गणपतीपुळे: कॅम्परव्हॅनमधल्या आठ रात्री आणि रेंज

फेब्रुवारीत आम्ही दोघं भाड्याच्या कॅम्परव्हॅनने किनाऱ्याकिनाऱ्याने गणपतीपुळ्यापर्यंत जाऊन आलो. नवऱ्याला सुट्टी होती, मला नव्हती. मी जीएसटीची कामं करते. 3बी रिटर्न भरायची मुदत 20 तारखेची, आणि ती नेमकी प्रवासाच्या मध्यात येत होती. त्यात गिरगावात आई एकटी असते. रात्री आठला माझा फोन गेला नाही तर ती जेवायला बसत नाही. त्यामुळे गाडी कुठे उभी करायची हे ठरवताना समुद्र दिसतो का याच्या आधी रेंज येते का हे बघावं लागलं. या मार्गाने गाडीत राहून काम करत जाणाऱ्यांच्या उपयोगी पडावं म्हणून जे कळलं ते लिहिते आहे.

आधी तयारीबद्दल. आमची व्हॅन टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेली होती, म्हणजे चारी बाजूंनी पत्रा. मुलुंडला सोसायटीत उभी असतानाच फरक दिसला. बाहेर फोनवर सिग्नलची ताकद उणे 80 डीबीएम, आत दारं लावून बसलं की उणे 96. उणे आकडा जितका मोठा तितकी रेंज कमी. हा आकडा बघायची सवय लावून घ्या, फोनवरच्या कांड्यांवर विसंबू नका. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्जच्या सिम स्टेटसमध्ये तो दिसतो. माझ्या अनुभवात 4जीवर उणे 100 पर्यंत सगळं सुरळीत चालतं, उणे 110 ला व्हिडिओ कॉल अडखळतो आणि उणे 118 च्या पुढे साधा मेसेजसुद्धा घिरट्या घालत बसतो.

यावर आम्ही दोन सिमचा 4जी राउटर घेतला. त्याचे दोन्ही अँटेना वायरने पुढच्या काचेपर्यंत आणून आतून चिकटवले. टपावर लावायचा मोह टाळला, कारण केळशी-आंजर्ल्याकडच्या रस्त्यांवर आंब्या-फणसाच्या फांद्या अगदी खाली आलेल्या असतात. राउटर 12 व्होल्टवर चालतो, साधारण एक अँपिअर घेतो. रात्रभर चालू ठेवला तरी व्हॅनमधल्या दिवे-फ्रिजच्या वेगळ्या बॅटरीतले दहा-बारा अँपिअर-तास जातात, फ्रिजपुढे ते काहीच नाही. सिग्नल वाढवणारे बूस्टर बाजारात सहज मिळतात, पण ते घेऊ नका. विनापरवाना रिपीटर बाळगणं आपल्याकडे बेकायदा आहे आणि त्याने आजूबाजूच्या लोकांचं नेटवर्क बिघडतं. उपग्रह फोनलाही सरकारी परवानगी लागते.

सिम तीन वेगवेगळ्या कंपन्यांची घेतली. मुंबईकरांना वर्षानुवर्षं एमटीएनएल माहीत, त्यामुळे बीएसएनएलचं सिम आपल्या घरात सहसा नसतं. पण कोकणात ते जवळ असलेलं बरं, काही खेड्यांत तेवढाच टॉवर असतो. एक महत्त्वाचं: बँकेचे ओटीपी ज्या नंबरवर येतात ते सिम राउटरमध्ये घालू नका. ते फोनमध्येच राहू द्या. डेटा संपला तरी एसएमएस येतो, आणि अगदी कमी रेंजमध्येही येतो.

शुक्रवारी सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने निघालो. 2020 पासून ही बोट गाड्या घेऊन मांडव्याला जाते, तासाभराचा प्रवास. आगाऊ बुकिंग करा आणि व्हॅनची लांबी-उंची आधी कळवा. बंदरात पाण्यावरूनही शहराचे टॉवर पोचत होते, मी अख्खा तास काम केलं.

अलिबाग-नागावला शनिवारी वेगळाच अनुभव आला. कांड्या पूर्ण भरलेल्या, आकडा उणे 78, आणि पान उघडेना. अर्धी मुंबई तिथे आलेली असते आणि टॉवर तेवढेच. यावर अँटेनाचा काही उपयोग नाही. मी पहाटे साडेपाच ते आठ काम उरकलं, तेव्हा नेट सुसाट होतं. शनिवार-रविवारी या पट्ट्यात दुपारी कुणाला व्हिडिओ कॉलची वेळ देऊ नका.

पुढे आगरदांडा ते दिघी फेरीबोट, मग श्रीवर्धन, हरिहरेश्वर, आणि बागमांडल्याहून पुन्हा बोटीने वेश्वी. जेट्टीवर सुटे पैसे जवळ हवेत. माझ्या पुढच्या माणसाचं यूपीआय खाडीच्या तोंडाशी फिरत राहिलं आणि मागे गाड्यांची रांग लागली. दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगडलाही आम्ही रोखच दिले. बोटींच्या वेळा आणि भरती-ओहोटीचं कोष्टक स्क्रीनशॉट काढून ठेवा. नकाशाचा संपूर्ण पट्टा, पनवेलपासून रत्नागिरीपर्यंत, घरच्या वायफायवर डाउनलोड करून घ्या. गाडीची आणि लायसन्सची कागदं फोनमध्ये असली तरी छापील प्रत ठेवा.

आता 20 तारीख. आम्ही वेळासला उतरलो होतो. कासवांचा हंगाम, पहाटे पिल्लं समुद्रात सोडतात ते बघायचं होतं. गाव डोंगराच्या कुशीत, माडांच्या सावलीत. तिन्ही सिम बंद पडल्यासारखी. एका क्लायंटचं रिटर्न बाकी होतं आणि मी दुपारी पोचल्यावर करू म्हणून ठेवलं होतं. ते मी करायला नको होतं. चार वाजल्यापासून गाडी पुढेमागे करून बघितली, अँटेना हातात धरून बघितला. शेवटी दुकानातल्या काकांना विचारलं. ते म्हणाले, “ताई, रेंज खाली कशी मिळंल? वर सड्यावर जा. चिरेखाणीपाशी पोरं बसतात बघा, तिथंच उभ्या राहा.”

लॅपटॉप पिशवीत घालून आम्ही चढायला लागलो. वीस मिनिटांची चढण. वर पोचलो तर तांबड्या जांभ्या दगडाचं उघडं पठार, करवंदीच्या जाळ्या, आणि खाणीच्या कडेला चार मुलं मोटारसायकलींवर मोबाइल घेऊन बसलेली. एकाने मला एका चिऱ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, “इथे बसा, वाऱ्याकडे पाठ करून.” तिथे उणे 94 आलं. तीन पावलं डावीकडे सरकले की उणे 107. क्लायंटला फोन लावला, त्याच्या नंबरवर ओटीपी गेला, त्याने एकेक आकडा वाचून दाखवला, ओटीपीची मुदत काही मिनिटांचीच असते. सात चाळीसला पावतीचा क्रमांक स्क्रीनवर आला. तिथूनच आईला फोन केला. खाली उतरताना टॉर्च लागली.

त्या संध्याकाळनंतर आम्ही एकच पद्धत ठेवली. किनाऱ्याकडे उतार सुरू होण्याआधी सड्यावर गाडी थांबवायची. तिथे मेल पाठवायचे, फाइली उतरवून घ्यायच्या, आज कुठे मुक्काम आहे ते घरी कळवायचं, आणि मगच खाली जायचं. कोकणातली गावं खाडीकाठी किंवा डोंगराच्या पायथ्याशी असतात आणि लहरींना मध्ये डोंगर आडवा येतो. उघड्या सड्यावर तसा आडोसा नसतो. कामाचा दिवस असेल तर मुक्कामच वर करा. गुहागरच्या अलीकडे आम्ही एका बागायतदारांना विचारून त्यांच्या कलमांच्या बागेच्या फाटकापाशी राहिलो, विहिरीचं पाणीही मिळालं. विचारल्याशिवाय कुणाच्या जागेत गाडी लावू नका.

ज्यांना खाली समुद्राजवळच राहायचं आहे त्यांनी वायफाय असलेलं घरगुती निवासस्थान बघून त्यांच्या अंगणात गाडी लावायची परवानगी मागावी. आंजर्ल्याला आम्ही तसं केलं, जेवण त्यांच्याकडेच घेतलं. फोनमध्ये वायफाय कॉलिंग चालू असेल तर टॉवर नसतानाही तुमच्याच नंबरवरून साधा फोन लागतो. ही सोय मुंबईतच चालू करून एकदा तपासा. माझ्या नवऱ्याच्या फोनवर ती बंद होती, आणि चालू करायचा पर्याय शोधायला तिथे दोन तास गेले.

आणीबाणीसाठी 112 लक्षात ठेवा. तुमच्या कंपनीची रेंज नसली तरी आसपास दुसऱ्या कुणाचा टॉवर असेल तर तो कॉल त्याच्यावरून जातो. पावसाळ्यात मात्र हा प्रवास फोनच्या भरवशावर करू नका. वीज गेली की टॉवर काही तास बॅटरीवर आणि मग डिझेलवर चालतो, ते संपलं की गप्प. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा श्रीवर्धन-दापोलीकडे कितीतरी दिवस फोन लागत नव्हते. हरिहरेश्वरला चहाच्या टपरीवर एक आजी सांगत होत्या, मुंबईतल्या मुलाला आपण जिवंत आहोत हे कळवायला शेजारच्या मुलाच्या हाती चिठ्ठी दिली, तो चालत आणि मिळेल त्या गाडीने महाडपर्यंत गेला.

परतीला गणपतीपुळ्याहून निवळी फाट्याला महामार्गावर आलो. तिथून पनवेलपर्यंत बहुतेक ठिकाणी काम होतं. कशेडीच्या बोगद्यात कॉल तुटतो, परशुराम घाटात अडखळतो. पळस्प्याला दिवे लागले होते. आठ वाजायला पाच मिनिटं होती, मी गिरगावचा नंबर लावला आणि पहिल्याच रिंगला आईने उचलला.