भाट्याच्या खाडीचं कवच अंदमानच्या चिखलात कसं आलं

आमच्या रत्नागिरीत वर जांभा नि खाली काळा कातळ, चिखलाचा ज्वालामुखी इथे कोणी बघितलेला नाही. त्यामुळे एमएस्सीच्या प्रोजेक्टला सरांनी अंदमानच्या बाराटांग बेटावरच्या अशाच ज्वालामुखीतल्या मालाची पिशवी टेबलावर ठेवली तेव्हा मला वाटलं राखबिख असणार. कसलं काय, नुसता राखाडी गाळ! खोल दबलेला ओला गाळ मिथेन नि दाबाच्या जोरावर फटीतून वर येतो आणि वाटेतल्या थरांचे खडे ओरबाडत आणतो. म्हणजे फुकटात बोअर मारून मिळाली, फक्त बोअरवाल्याने सगळ्या खोलीचा माल एकाच घमेल्यात ओतलाय.

त्यात फोरॅमिनिफेरा शोधायचे, एकपेशीय जिवांची कवचं, बहुतेक मिलिमीटरपेक्षा लहान. अंदमानच्या मिठाखारी नावाच्या खडकांत न्यूम्युलाइट्स हे नाण्यासारखे फोरॅम मिळतात, इओसीन काळातले, साधारण ५.६ ते ३.४ कोटी वर्षांपूर्वीचे. तसलं कवच चिखलात आलं की खाली तो थर असणार असं म्हणता येतं.

हात बसावा म्हणून आधी महिनाभर भाट्याच्या खाडीतला गाळ धुतला. रात्रभर हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये भिजत, सकाळी ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर नळाखाली, मग वाळवून मायक्रोस्कोपखाली ओल्या ब्रशने एकेक कवच वेचायचं. आई म्हणायची, "काय गो, चिखल धुवायला जातेस होय कॉलेजात?"

मग बाराटांगचा धुतला आणि पहिल्याच ट्रेमध्ये अमोनियाची चकचकीत ताजी कवचं (गॅस नव्हे, फोरॅमच्या एका प्रकाराचं नाव आहे हे, खाडीत ढिगाने मिळते). मी खूश, सर गप्प. मग विचारलं, चाळणी कशी धुतलीस? नळाखाली, दोनदा. झालं! जाळीत अडकलेली भाट्याची कवचं मी अंदमानात नेऊन घातली होती, तीन आठवड्यांचं काम पाण्यात.

तेव्हापासून प्रत्येक सॅम्पलनंतर चाळणी मिथिलीन ब्लूमध्ये बुडवते. जाळीत काही राहिलं तर निळं होतं, पुढच्या ट्रेत निळं दिसलं की ते मागचं, उचलून बाजूला. आणि खडे गाळाबरोबर धुवायचे नाहीत, आधी ब्रशने घासून बाहेरचा चिखल काढायचा, मग प्रत्येक खडा वेगळा फोडून वेगळ्या बीकरमध्ये, कारण गाळात सगळ्या वयांची खिचडी असते पण एक खडा बहुतेक एकाच थरातला असतो. हे मला आधी कोणीच नीट सांगितलं नव्हतं, प्रॅक्टिकलच्या वहीत तर दोन ओळी होत्या.

दुसऱ्या खेपेला दोन निळी निघाली. अमोनिया एकही नाही.