युता वातानाबेच्या गावांमधून: तोमिओका ते इनावाशिरो

फुकुशिमाला निघालोय म्हटल्यावर आईचा पहिला प्रश्न, “अरे, तिकडं ते अणुभट्टीचं झालं होतं ना?” झालं होतं, आणि मी त्याच भागात चाललो होतो. पण कारण बॅडमिंटन होतं. युता वातानाबे नावाचा एक डावखुरा, 167 सेंटिमीटर उंचीचा दुहेरीचा खेळाडू कुठं घडला ते मला बघायचं होतं. आईला हे समजावण्यात अर्थ नव्हता. “फिरायला चाललोय” एवढंच सांगून मोकळा झालो.

टोकियोच्या उएनो स्टेशनवरून हिताची एक्सप्रेस पकडली. इवाकीनंतर उजव्या हाताला अधूनमधून समुद्र दिसायला लागतो. तोमिओकाचं स्टेशन किनाऱ्याला अगदी खेटून आहे. जुनं स्टेशन 11 मार्च 2011 च्या त्सुनामीत वाहून गेलं. आत्ताचं नवं आहे, ऑक्टोबर 2017 पासून वापरात. फुकुशिमा दाइइची अणुवीज केंद्र इथून उत्तरेला जेमतेम दहा किलोमीटरवर. त्सुनामीच्या दुसऱ्या दिवशी सगळं गाव रिकामं करायला लावलं. बहुतेक भागात परतायची परवानगी मिळाली ती थेट एप्रिल 2017 मध्ये.

त्या दिवशी वातानाबे इथं शाळेत होता, वय तेरा. मूळचा तो टोकियोच्या सुगिनामीचा. त्याची पुढची मिश्र दुहेरीतली जोडीदार, त्याच्याहून एक वर्षानं मोठी अरिसा हिगाशिनो होक्काइदोच्या इवामिझावाहून आलेली. एवढी लहान पोरं घर सोडून या किनाऱ्यावरच्या गावात आली ती फक्त बॅडमिंटनसाठी. एकेरीत 2018 आणि 2019 चा विश्वविजेता केंतो मोमोता हाही इथल्याच शाळेचा.

गावातल्याच योनोमोरी भागापर्यंत गेलो. रस्त्याच्या दोन्ही कडांना चेरीची झाडं, वर फांद्यांचं छत. बहराच्या दिवसांत इथं म्हणे तुफान गर्दी असते. मी गेलो तेव्हा पानं गळायला लागली होती आणि रस्त्यावर मी आणि एक झाडूवाले काका. कडेला किरणोत्सर्ग मोजणारा खांब होता, वर सौर पॅनल, खाली लाल आकडे. मी आपला दर दोन मिनिटांनी त्या आकड्यांकडे बघत होतो. काकांनी एकदाही बघितलं नाही. काही घरांच्या दारात कुंड्या, गाड्या. काही प्लॉट नुसते सपाट, घर पाडून खडी टाकलेले. माणसं परतली आहेत, पण थोडीच.

शाळेचा बॅडमिंटनचा वर्ग मात्र गावाबरोबर संपला नाही. पोरं आधी आपापल्या घरी पांगली आणि मग डोंगरापलीकडच्या इनावाशिरोत पुन्हा एकत्र आली. वातानाबे टोकियोतच राहू शकला असता. घर तिथंच होतं, शाळांनाही तोटा नव्हता. तो परत फुकुशिमात आला. त्याच्या कारकिर्दीतली सगळ्यात मोठी गोष्ट मला हीच वाटते, पदकं नंतरची.

मीही त्याच दिशेनं निघालो. इवाकीला परत, तिथून बान-एत्सु पूर्व लाइनच्या छोट्या डिझेल गाडीनं कोरियामा, मग पश्चिम लाइननं इनावाशिरो. समुद्राचा मागमूस उरत नाही. समोर 1,816 मीटरचा बांदाई डोंगर, पायथ्याला अफाट तळं. हिवाळ्यात इथं बर्फाचे ढीग लागतात. गावाच्या सार्वजनिक जिममध्ये बूट दारातच काढावे लागले. संध्याकाळी तिथं स्थानिक मंडळी खेळत होती. कोपऱ्यात पिसं तुटलेल्या शटलांचा खोका काठोकाठ भरलेला. साठीच्या एक बाई नेटवर अशा उभ्या होत्या की मागं कुणी आहे की नाही याची त्यांना फिकीरच नसावी.

मिश्र दुहेरीत बाई पुढं, पुरुष मागं ही ठरलेली मांडणी. त्यामुळे समोरचे डाव टाकतात तो बाईला मागं ढकलण्याचा. वातानाबे आणि हिगाशिनो 2012 मध्ये पहिल्यांदा एकत्र खेळले, आणि त्यांच्यासमोर हा डाव चालायचा नाही. हिगाशिनो मागून बिनधास्त स्मॅश मारायची आणि तेवढ्यात वातानाबे नेटवर हजर. त्याचा नेटवरचा हात इतका हलका की शटल पट्टीवरून नुसतं पलीकडं घरंगळायचं. त्यात तो डावखुरा आणि ती उजवी, म्हणजे तो उजवीकडं, ती डावीकडं उभी राहिली की मधल्या शटलला दोघांचेही फोरहँड तयार.

मलेशियाचे जेरेमी गान जपानचे मिश्र दुहेरीचे प्रशिक्षक झाले आणि 2018 मध्ये या जोडीनं ऑल इंग्लंड ही बॅडमिंटनची मानाची स्पर्धा मारली. अंतिम सामन्यात चीनच्या झेंग सिवेई-हुआंग याचिओंगविरुद्ध पहिला गेम 15-21 असा गमावून नंतर 22-20, 21-16. जपानचं तिथलं हे मिश्र दुहेरीतलं पहिलं विजेतेपद. 2021 मध्ये तर वातानाबेनं कहर केला. एकाच दिवशी हिरोयुकी एंदोबरोबर पुरुष दुहेरी आणि हिगाशिनोबरोबर मिश्र, दोन्ही किताब. 2022 ला मिश्र दुहेरीचा आणखी एक. जागतिक स्पर्धेत मात्र 2021 आणि 2022, दोन्ही वेळा रौप्यावरच गाडी अडली.

परतताना टोकियोच्या चोफूतलं मुसाशिनो फॉरेस्ट स्पोर्ट प्लाझाही बाहेरून बघून आलो. 2021 च्या ऑलिंपिकचं बॅडमिंटन इथं झालं, रिकाम्या खुर्च्यांपुढं. हाँगकाँगच्या जोडीला 21-17, 23-21 असं हरवून दोघांनी कांस्य घेतलं, आणि यजमान जपानला बॅडमिंटनमध्ये त्या वेळी तेवढं एकच पदक मिळालं. पॅरिसला 2024 मध्ये पुन्हा कांस्य, आणि त्याच वर्षी जोडी फुटली. लोक हळहळले. मला विचाराल तर दोन ऑलिंपिक पदकं आणि तीन ऑल इंग्लंड नावावर असताना थांबले ते बरंच झालं.

कुणाला जायचं असेल तर: तोमिओकाला थेट थांबणाऱ्या हिताची एक्सप्रेस दिवसात मोजक्याच आहेत, त्या आधी बघून ठेवा. एरवी इवाकीला उतरून लोकल घ्यावी लागते. आणि जिममध्ये खेळायचा विचार असेल तर स्वच्छ तळव्याचे वेगळे बूट बरोबर न्या, बाहेरचे आत चालत नाहीत.