सुई टेकवण्याआधी

महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी आम्ही पाच जण अमेरिकन सोल संगीताच्या रेकॉर्डी ऐकायला जमतो, आणि आमचा एकच नियम आहे. गाणाऱ्याचं नाव मोठ्यानं घेतल्याशिवाय रेकॉर्डवर सुई टेकवायची नाही. गाणं लिहिणाऱ्याचं नाव माहीत असेल तर तेही घ्यायचं. वाजवणाऱ्यांची सापडली असतील तर तीही.

जमतो ते नाशिकच्या भद्रकालीत, वाड्याच्या वरच्या खोलीत. खाली अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं दुकान. अण्णांची साउंड सर्व्हिस होती: लग्नं, सत्यनारायण, गणपती, हरिनाम सप्ताह. दोन भोंगे, एक अँप्लिफायर, दोन माइक आणि मधल्या वेळेत रेकॉर्डी लावायला एक प्लेयर. ते गेल्यावर भाड्याचा धंदा मी बंद केला, दुरुस्ती चालू ठेवली. सीझनमध्ये डीजेवाल्यांचे कॉइल जळालेले स्पीकर इतके येतात की जिन्यात पाय ठेवायला जागा उरत नाही.

सोल संगीत माझ्याकडे आलं ते दुरुस्तीच्या मोबदल्यात. देवळाली कॅम्पातल्या एका वयस्कर पारशी बाईंचा व्हॉल्व्हचा अँप्लिफायर मी नीट करून दिला होता. बंगला रिकामा करायचा होता, त्यांनी पैशांऐवजी एक खोका पुढे सरकवला. "तुझ्याकडे वाजेल तरी," म्हणाल्या. त्यात इंग्लंडहून आलेली एक लाँग प्ले होती, वेगवेगळ्या गायकांची. तिसरं की चौथं गाणं जेम्स कारचं, 'द डार्क एंड ऑफ द स्ट्रीट'. माझं इंग्रजी तेव्हा अँप्लिफायरच्या मॅन्युअलपुरतं. शब्द कळले नाहीत. पण तो माणूस वरच्या सुरावर जाताना आवाज पूर्ण सोडत नव्हता, आत धरून ठेवत होता, आणि ते मला कळलं. सोल्डरिंग गन हातात गरम तशीच राहिली.

मग शोधत गेले. जेम्स कार मेम्फिसचा. हे गाणं १९६७ सालचं, गोल्डवॅक्स नावाच्या छोट्या कंपनीचं, लिहिलेलं डॅन पेन आणि चिप्स मोमन यांनी. पुढे कितीतरी मोठ्या लोकांनी ते गायलं. कारला मात्र मनाच्या आजारानं गाठलं, मधली वर्षंच्या वर्षं तो दिसेनासा झाला, आणि २००१ मध्ये गेला. त्याच्या तोडीचा आवाज मी अजून ऐकलेला नाही. कुणी विचारलं की सोल म्हणजे काय, तर मी व्याख्या सांगत नाही, हे गाणं लावते.

तरी थोडं सांगायला हवं. काळ्या अमेरिकन लोकांच्या चर्चमधलं गॉस्पेल गाणं देवापासून उचलून माणसावर आणून ठेवलं, की सोल. एकानं ओळ टाकायची, बाकीच्यांनी उचलायची. आपल्याकडे त्र्यंबकहून निवृत्तिनाथांची पालखी निघते तेव्हा दिंडीत टाळकरी ध्रुवपद उचलतात ना, ज्यानं ते जवळून ऐकलंय त्याला हे परकं वाटणार नाही. साठच्या दशकात डेट्रॉइट, शिकागो, मेम्फिसमध्ये अशा गाण्यांच्या लहान लहान कंपन्या गल्लोगल्ली होत्या. एखादी मुलगी चर्चमध्ये बरी गाते म्हणून तिला स्टुडिओत न्यायचं, एक छोटी रेकॉर्ड काढायची, रेडिओवाल्यांकडे पाठवायची. रेडिओनं उचललं नाही की संपलं. गठ्ठे गोदामात, मुलगी परत कामावर.

ही पडून राहिलेली गाणी पुन्हा वाजायला लागली ती उत्तर इंग्लंडमध्ये. तिथल्या कारखान्यांतल्या पोरांना जलद ठेक्याची सोल गाणी हवी असायची. गाजलेली सगळी वाजवून झाली, तेव्हा त्यांनी न गाजलेली शोधायला सुरुवात केली. लंडनमधल्या सोल सिटी या दुकानात डेव्ह गॉडिन काम पाहायचा. फुटबॉलच्या सामन्यांसाठी आलेली उत्तरेकडची पोरं अशीच गाणी मागतात हे त्याच्या लक्षात आलं आणि त्यानं नाव दिलं नॉर्दर्न सोल. संगीत अमेरिकेचं, नाव इंग्लंडच्या उत्तरेचं. विगन कसिनो हा त्यातला सगळ्यात गाजलेला हॉल, १९७३ ते १९८१. शनिवारी मध्यरात्रीनंतर दारं उघडायची, सकाळी आठला बंद. दारू विकायची परवानगीच नव्हती. पाय सहज घसरावेत म्हणून पोरं फरशीवर टाल्कम पावडर टाकायची आणि रात्रभर नाचायची. आठवडाभर मशीनवर उभं राहिलेली माणसं पुन्हा रात्रभर उभी! आमच्यातले प्रेसमधले काका (नाशिकरोडला 'प्रेस' म्हटलं की नोटांचीच) तिथं तीसेक वर्षं शिफ्टमध्ये राबले. हे ऐकल्यावर ते म्हणाले, "बरोबर आहे. शिफ्ट संपली की झोप येत नाही, अंग हलवावंसं वाटतं."

या चळवळीवर माझा जीव आहे. त्या पोरांनी ती गाणी कचऱ्यातून वर काढली. पण तिच्यातली एक गोष्ट मला पहिल्यापासून खुपते. एखाद्या डीजेला कुणाकडेच नाही अशी रेकॉर्ड सापडली की तो लेबलवर कागद चिकटवायचा आणि खोटंच नाव सांगायचा, दुसऱ्या डीजेला ती सापडू नये म्हणून. फ्रँक विल्सनचं 'डू आय लव्ह यू (इनडीड आय डू)' तिथल्या हॉलमध्ये पहिल्यांदा वाजलं ते एडी फॉस्टर या नावानं. हजारो पाय ज्याच्या आवाजावर नाचले त्याचं नाव कागदाखाली. आमचा नियम आला तो इथून. आम्ही कागद काढतो.

विल्सनची गोष्ट संग्राहकांना तोंडपाठ असते. १९६५ मध्ये मोटाउन या डेट्रॉइटच्या मोठ्या कंपनीसाठी त्यानं हे गाणं केलं, कंपनीनं नमुन्याच्या अडीचशे प्रती काढल्या आणि त्या जवळपास सगळ्या नष्ट केल्या. विल्सननं गाणं सोडून निर्माता व्हायचं ठरवलं होतं. उरलेल्या मोजक्या प्रतींपैकी एक २००९ मध्ये २५,७४२ पौंडांना गेली. २०२० मध्ये एक प्रत एक लाख पौंडांना विकली गेली, म्हणजे आपले तेव्हाचे नव्वद लाखांच्या वर. विल्सन मोठा निर्माता झाला, सुप्रीम्स आणि एडी केंड्रिक्ससारख्यांची गाणी त्यानं केली, २०१२ मध्ये गेला. तो काही हलाखीत गेला नाही. म्हणजे सर्वांत महाग रेकॉर्ड ही सर्वांत अन्याय झालेल्या गायकाची असतेच असं नाही. दुर्मीळ असणं हा वस्तूचा गुण आहे. उपेक्षा माणसाची होते. या दोन गोष्टी आमच्या छंदात सारख्या एकमेकींत मिसळतात, आणि मीही बरीच वर्षं त्या मिसळत होते.

ते कळलं ते फसल्यावर. डेट्रॉइटच्या एका गायिकेची छोटी रेकॉर्ड मी परदेशातल्या एका विक्रेत्याकडून मागवली. टपाल धरून ३,२०० रुपये. आली, वाजवली, डोळ्यांत पाणी आलं. चार दिवसांनी दुकानातल्या भिंगाखाली बघताना जाणवलं की लेबलवरची अक्षरं ठिपक्याठिपक्यांची आहेत, छापलेल्या कागदाचा फोटो काढून पुन्हा छापल्यासारखी. गाणं संपतं तिथल्या मोकळ्या पट्टीवरचे आकडे हातानं कोरलेले होते. मूळ रेकॉर्डच्या फोटोंमध्ये ते ठशानं उमटवलेले दिसतात. बनावट. रात्रभर मला चरफडायला झालं, ते माझ्या पैशांसाठी. सकाळी मनात आलं, आणि खरी असती तर? खरी जुनी रेकॉर्ड घेतली असती तरी गायिकेला काय मिळालं असतं? सेकंडहँड विक्रीतला एक पैसाही तिच्याकडे जात नाही. अमेरिकेत तर साधा रेडिओ गाणं लिहिणाऱ्याला मानधन देतो, गाणाऱ्याला नाही. म्हणजे मी प्रेम करत होते तिच्या आवाजावर, आणि पैसे मोजत होते जुन्या रेकॉर्डी विकणाऱ्याला.

तेव्हापासून आमच्याकडे डबा आहे. चिवड्याचा, पत्र्याचा. दर महिन्याला प्रत्येकी २०० रुपये. हयात गायकांकडून थेट, नाहीतर गायकांशी रीतसर करार करून जुनी गाणी पुन्हा काढणाऱ्या कंपन्यांकडूनच घ्यायचं. बँडकॅम्प या वेबसाइटवर गायक आपली गाणी थेट विकतात; एरवी डिजिटल विक्रीतले १५ टक्के कंपनी ठेवते, पण मार्च २०२० पासून काही ठरावीक शुक्रवारी ती आपला वाटा सोडते. तिकडच्या उन्हाळ्यात तो शुक्रवार आपल्याकडे दुपारी साडेबाराला सुरू होतो. आमच्यातली कॉलेजमधली पोरगी सातपूरहून मेसेज टाकते, "वाजले." मी दुकानात हात पुसते आणि खरेदी करते. हजार रुपयांत काय होतं असं कुणी म्हणेल. अण्णा म्हणायचे, पावती फाटली की व्यवहार खरा. आमच्याकडे आता पावत्यांची फाइल आहे.

या डब्यातून पहिल्यांदा घेतला तो चार्ल्स ब्रॅडली. तो तेव्हा जाऊन काही वर्षं झाली होती, पण त्याचं घेतल्याशिवाय सुरुवात करणं मला जमलं नसतं. १९६२ मध्ये, लहान असताना, बहिणीनं त्याला न्यूयॉर्कच्या अपोलो थिएटरात जेम्स ब्राउन या गाजलेल्या सोल गायकाचा कार्यक्रम दाखवला. पोरगं घरी येऊन दोरीला बांधलेल्या झाडूचा माइक करून गायला लागलं. पुढे तो रस्त्यावर राहिला, आचाऱ्याचं काम केलं, रात्री ब्रुकलिनच्या क्लबांत जेम्स ब्राउनची नक्कल करून पोट भरलं. डॅप्टोन या कंपनीनं त्याची स्वतःची पहिली लाँग प्ले काढली २०११ मध्ये. वय ६२! सहा वर्षं गायला मिळालं, २०१७ मध्ये कर्करोगानं गेला. त्याच्या ओरडण्यात मला बासष्ट वर्षं ऐकू येतात. शरणपूरचा आमचा दादा, चर्चमध्ये गिटार वाजवतो, त्याला मी पहिल्यांदा ऐकवलं तर तो खिडकीशी जाऊन उभा राहिला आणि रेकॉर्डची बाजू संपेपर्यंत वळला नाही.

दादाचं एक सांगायचं राहिलं. शरणपूरच्या मिशनमध्ये एकोणिसाव्या शतकात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं राहून शिकली. त्यांना 'नासिक बॉईज' म्हणत. त्यातला जेकब वेनराइट, आफ्रिकेत फिरलेला मिशनरी प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन याचं शव घेऊन इंग्लंडपर्यंत गेला आणि १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबेत शवपेटीला खांदा देणाऱ्यांत होता. दादा म्हणतो, त्या पोरांनी इथे कोणत्या चालीवर प्रार्थना म्हटल्या असतील? रेकॉर्ड नाही. शरणपूर रोडनं जाताना मला हल्ली हा प्रश्न आठवतो.

आणि वही. गेल्या पावसाळ्यात माळ्यावर गळायला लागलं म्हणून सामान खाली काढलं, त्यात अण्णांच्या बुकिंगच्या वह्या निघाल्या. कार्यक्रम कुठे, भोंगे किती, कोणी किती घेतले. एका ऑर्केस्ट्राची व्यवस्था काही वर्षं अण्णाच बघायचे. १९८१ च्या गणपतीतलं एक पान: 'स्पीकर १५०. हार्मोनियम ४५. ढोलकी ४५. पंचवटीची बाई ६०.' पुढच्या पानांवरही तीच, 'पंचवटीची बाई'. हार्मोनियमवाल्याचं नाव आहे, ढोलकीवाल्याचं आहे. भोंग्यांना तर नंबर आहेत. तिला नाव नाही, आणि तिच्या आवाजापेक्षा माझ्या बापाचा स्पीकर अडीच पट महाग. मी ते पान किती वेळ धरून बसले होते, माहीत नाही. अण्णा वाईट माणूस नव्हते. पण मी डेट्रॉइटच्या कंपन्यांवर इतकी वर्षं चिडत होते आणि वही माझ्याच माळ्यावर होती.

शोधायला दोन महिने लागले. ढोलकीवाल्याच्या मुलाला आठवलं, त्यानं एका फुलवालीकडे पाठवलं, तिनं मखमलाबादला. बाई आता पंच्याहत्तरीच्या पुढच्या. दारातच सांगितलं, "गाण्याचं बोलू नका, सुना आहेत घरात." मी अण्णांचं नाव सांगितलं, तर आत बोलावलं आणि चहा टाकला.

दुसऱ्या शनिवारी त्या आल्या. रिक्षानं, भाचीला घेऊन. जिना चढायला काकांनी हात दिला. आम्ही त्यांना आधी जेम्स कार ऐकवला. त्या गुडघ्यावर बोटानं मात्रा मोजत होत्या, मधेच थांबल्या आणि म्हणाल्या, "हा श्वास चोरतोय बघा. दमलेला नाही, मुद्दाम." मी वीस वर्षं ते गाणं ऐकतेय, आवाज आत धरतो एवढंच मला कळलं होतं, कुठे धरतो ते त्यांनी सांगितलं. मग त्यांनीच माइक मागितला. अण्णांचा जुनाच, मी नवी वायर टाकलेला. नियमाप्रमाणे पोरगीनं आधी त्यांचं पूर्ण नाव घेतलं, मोठ्यानं. इथे मी ते लिहीत नाही, त्यांनी तसं बजावलंय, आणि ते नाव त्यांचं आहे, माझं नाही. दोन गाणी म्हणाल्या. वरचा सूर गेलाय, मधला शाबूत आहे. डब्यातले पैसे पाकिटात घालून दिले, तर पाकीट उघडून मोजले आणि मग पदराला बांधले. मला ते फार आवडलं.

निघताना वही दाखवली. 'पंचवटीची बाई' खोडून मी निळ्या पेनानं नाव लिहिलं होतं, सगळ्या पानांवर. त्यांनी चष्मा लावला, नावावरून बोट फिरवलं आणि शेजारच्या आकड्यावर थांबल्या.

"साठ? माझ्या हातात चाळीसच यायचे."

पैसे कुणी वाटायचं ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पेन अजून हातात होतं. साठच्या खाली चाळीस लिहिलं आणि वही त्यांच्यापुढे धरली. त्यांनी मान हलवली.