स्क्रीनवर इंजिन धावतं, रुळावर ढिम्म!

मॉडेल रेल्वे जेएमआरआय या सॉफ्टवेअरने लॅपटॉपवरून चालवायला घेतलेल्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो: "जेएमआरआय उघडतं, थ्रॉटलवर (स्क्रीनवरच्या वेगनियंत्रकावर) वेग ४० दाखवतं, पण इंजिन जागचं हलत नाही. सॉफ्टवेअर काढून परत टाकू का?" तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर.

परत टाकू नका. त्याने सहसा काही सुटत नाही, उलट भरून ठेवलेली सेटिंग्ज आणि रोस्टर, म्हणजे इंजिनांची यादी, जायची भीती. मुळात थ्रॉटलवरचा तो ४०चा आकडा म्हणजे इंजिनाचा वेग नाहीच, तुम्ही काय सांगितलंत तेवढंच त्यात दिसतं. डीसीसी पद्धतीत, म्हणजे रुळांतल्या विजेतूनच डिजिटल हुकूम पाठवायच्या पद्धतीत, हुकूम रुळांमधून एकाच दिशेने जातो, स्टेशनातल्या लाउडस्पीकरवरच्या घोषणेसारखा. ती ऐकून कोण हललं, कोण नाही, हे घोषणा करणाऱ्याला कळत नाही. रेलकॉमची (उलट उत्तर पाठवण्याची) सोय असलेले डिकोडर, म्हणजे इंजिनात बसवलेले हुकूम ऐकणारे सर्किट, थोडंफार उत्तर देतात, पण बहुतेक लेआउटवर ते ऐकणारं कुणी नसतं. तेव्हा पहिलं काम एकच: हुकूम कुठपर्यंत पोचला आणि कुठे अडला ते शोधायचं.

पुढचं सगळं विंडोज लॅपटॉप, आर्डुइनो मेगा २५६० हा छोटा नियंत्रक बोर्ड, त्यावर रुळांना वीज देणारं मोटर शील्ड आणि बोर्डात चढवायचं डीसीसी-ईएक्स हे फर्मवेअर अशी जोडणी धरून लिहिलं आहे, कारण कमी खर्चात सुरुवात करणारे बहुतेकजण इथूनच करतात. लोकोनेट किंवा झेड२१ अशी दुसरी जोडणी असेल तर नावं बदलतील, शोधायचा क्रम तोच.

जेएमआरआयमध्ये त्या जोडणीच्या मेनूत ट्रॅफिक मॉनिटरची विंडो असते, ती आधी उघडा. थ्रॉटल हलवला की तिथे हुकमाची ओळ उमटायला हवी आणि पाठोपाठ कमांड स्टेशनचं (इथे मेगा आणि शील्डच्या जोडगोळीचं) उत्तर. ओळच उमटली नाही, तर घोटाळा सॉफ्टवेअरच्या जोडणीत. ओळ उमटली पण उत्तर नाही, तर केबल, पोर्ट किंवा मेगा. दोन्ही आहेत आणि तरी इंजिन थंड, तर लॅपटॉप बाजूला सारा आणि रुळांकडे वळा. या एका पाहणीत अर्धी शोधाशोध वाचते, आणि नेमकी हीच कुणी करत नाही.

पोर्टपासून सुरुवात करू. विंडोजवर एक कॉम पोर्ट, म्हणजे यूएसबीतून बोर्डाशी बोलायची वाट, एका वेळी एकाच प्रोग्रामला मिळतो. फर्मवेअर चढवल्यावर आर्डुइनो आयडीईचा सिरियल मॉनिटर उघडाच राहिला असेल, तर जेएमआरआयला पोर्ट मिळणार नाही आणि 'पोर्ट वापरात आहे' अशा अर्थाचा निरोप येईल. तो बंद करा. दुसरी गंमत पोर्टच्या क्रमांकाची. अस्सल मेगाच्या यूएसबी चिपला स्वतःचा अनुक्रमांक असतो, स्वस्त नकलांवरच्या सीएच३४० चिपला बहुधा नसतो. त्यामुळे काल कॉम ५ असलेला बोर्ड आज शेजारच्या सॉकेटात घातला की कॉम ७ होतो, आणि जेएमआरआय बिचारं कॉम ५लाच हाका मारत बसतं. एक सॉकेट नक्की करा, त्यावर चिकटपट्टी लावा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये बोर्ड दिसतच नसेल तर सीएच३४०चा ड्रायव्हर नाही, किंवा केबल फक्त चार्जिंगची आहे. स्वस्त केबलींमध्ये डेटाच्या तारा नसणं नेहमीचं. वेग, म्हणजे बॉड रेट, ११५२०० असायला हवा. लिनक्सवर असाल तर तुमचं खातं डायलआउट गटात (ज्याला सिरियल पोर्ट वापरायची परवानगी असते) घाला आणि लॉगआउट करून परत या. हा परत येण्याचा भाग विसरला की तासभर जातो.

आता असा प्रकार, ज्यात बिघाड काहीच नसतो. जेएमआरआयने पोर्ट उघडला की मेगा रिसेट होतो. ती आर्डुइनोची रीतच आहे. रिसेटनंतर डीसीसी-ईएक्स ट्रॅक पॉवर बंद ठेवूनच उठतं. म्हणजे सगळं जोडलेलं, सगळं उत्तर देणारं, आणि रुळात वीज नाही! जेएमआरआयच्या खिडकीतलं पॉवरचं बटण दाबा. रोज दाबायचा कंटाळा असेल तर प्रेफरन्सेसमध्ये स्टार्ट-अपच्या पानावर पॉवर सुरू करण्याची कृती जोडता येते. सुरुवातीचे काही महिने तरी ती जोडू नये असं माझं मत. रुळावर पेचकस पडलेला असेल तर तो आधी दिसलेला बरा.

वीज आहे की नाही हे मल्टिमीटरने बघाल तर एक लक्षात ठेवा. डीसीसीत '१' म्हणजे ५८ मायक्रोसेकंदांचे दोन अर्धे भाग आणि '०' म्हणजे किमान १००चे दोन. अशी ५ ते ८ किलोहर्ट्झची चौकोनी लहर साधा मीटर एसीवर अचूक मोजत नाही. आकड्यावर विसंबू नका, तुलना करा: कमांड स्टेशनपाशी १४ दाखवत असेल आणि लांबच्या टोकाला, इंजिन चालू असताना, ११, तर वायरिंग कमी पडतंय. २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.००७ ओहम. दहा मीटर जाऊन-येऊन वीस मीटर झाले, त्यातून २ अँपिअर गेले तरी घट ०.३ व्होल्टच्या आत. तेव्हा मुख्य तार जाड घ्या आणि साधारण दर मीटरला तिच्यापासून रुळांना फीडर, म्हणजे आखूड जोडतारा, द्या. रूळजोडांच्या पत्र्यांवर वीज वाहून नेण्याचं काम टाकू नका. मग नाणं घेऊन ठिकठिकाणी दोन्ही रुळांवर आडवं ठेवा. प्रत्येक जागी ट्रॅक पॉवर ताबडतोब तुटली पाहिजे आणि मॉनिटरमध्ये ओव्हरलोडची नोंद आली पाहिजे. जिथे तुटत नाही, तिथे खरा शॉर्ट झाला तर प्लास्टिक वितळेल.

मोटर शील्डबद्दल एक इशारा. आर्डुइनो मोटर शील्ड आर३ची रुळांसाठीची १४-१५ व्होल्टची वीज व्हीइन पिनेतून खाली मेगाला जाते, आणि मेगाला ७ ते १२ व्होल्टच मानवतात. शील्डच्या मागचा व्हीइनचा जोड कापा, मेगाला स्वतंत्र वीज द्या. हे न केलेला बोर्ड काही दिवस चालतो, मग तापून अधूनमधून रिसेट होऊ लागतो, आणि दोष जेएमआरआयच्या माथी येतो.

रुळांपर्यंत सगळं ठीक असेल तर उरला डिकोडर. पत्ता तपासा. १ ते १२७ लहान पत्ते, त्यापुढे १०२३९पर्यंत मोठे. पण लेन्झ कंपनीच्या कमांड स्टेशनवर ९९नंतरचे सगळे मोठेच, म्हणून ११० या लहान पत्त्याचं इंजिन मित्राकडे नेलं की मुकं होतं. आपल्याकडे आणखी एक अडचण: भारतीय रेल्वेच्या इंजिनांचे क्रमांक पाच आकडी. समजा डब्ल्यूएजी-९ वर ३१२३४ रंगवलंय. तो पत्ता बसत नाही, शेवटचे चार घ्यायचे. १२३४साठी सीव्ही (डिकोडरमधली क्रमांक दिलेली सेटिंग) १७ मध्ये १९६, सीव्ही १८ मध्ये २१०, आणि सीव्ही २९ मध्ये मोठ्या पत्त्याचा ३२ मिळवलेला हवा. हा ३२ राहिला तर इंजिन जुन्या लहान पत्त्यावरच, बहुधा ३ वर, ऐकत राहतं.

सीव्ही २९ची आणखी दोन लक्षणं डोळ्यांना दिसतात. वेग एकेक पायरी वाढवताना दिवा लागतो-विझतो, असं झालं तर डिकोडर १४ पायऱ्यांवर आणि कमांड स्टेशन २८ वर आहे. २ मिळवा. आणि शॉर्टनंतर एखादं इंजिन आपोआप सुसाट सुटत असेल तर त्याला ती वीज साध्या डीसीची वाटते. ४ वजा करा: ३८ असेल तर ३४, ६ असेल तर २.

डिकोडर वाचताना येणारी ३०८ ही चूक, म्हणजे 'इंजिनाकडून पोच नाही', सर्वांत जास्त विचारली जाते. प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर (डिकोडर वाचायला-लिहायला वेगळ्या ठेवलेल्या रुळावर) डिकोडर पोच देतो ती मोटरला क्षणभर वीज देऊन: साधारण ६ मिलिसेकंद, ६० मिलिअँपिअर जास्त. म्हणून चाकं किंवा मोटरचे ब्रश मळके असले, मोटरची तार सुटली असली, की पोच नाही. एन स्केल या लहान आकाराच्या इंजिनांतल्या नाजूक मोटरी मुळात तेवढी वीजच ओढत नाहीत. त्यांच्यासाठी डीसीसी-ईएक्समध्ये पोचेची मर्यादा कमी करून ३०वर आणता येते. आवाजाच्या डिकोडरचे मोठे कपॅसिटरही गोंधळ घालतात, वाचण्यापुरते ते सोडवून ठेवा. वाचता येत नसलं तरी लिहिता येतं बऱ्याचदा: मुख्य रुळावर ठेवून, त्याच्या पत्त्यावर सीव्ही पाठवा आणि इंजिन वेगळं वागतं का ते बघा.

स्क्रीनवरच्या पॅनलवर ब्लॉक (गाडी आहे की नाही हे सेन्सरने कळणारे रुळांचे तुकडे) लुकलुकत असतील तर सेन्सरच्या तक्त्यात डीबाउन्स, म्हणजे बदल मानण्याआधीची उसंत, द्या, रिकामा होतानाच्या बाजूला ३०० ते ५०० मिलिसेकंद. मळकं चाक क्षणभर संपर्क सोडतं, तेवढा वेळ गिळायचा. कोकणपट्टीत पावसाळ्यात उलटा त्रास होतो: ओलसर खडीतून गळती होऊन रिकामा ब्लॉक भरलेला दिसतो. नवीन चिकटवलेली खडी वाळेपर्यंतही हेच. तिथे सॉफ्टवेअरमध्ये काही करू नका, खडी वाळवा.

मोबाइलचा थ्रॉटल लॅपटॉपला सापडत नसेल तर वायथ्रॉटलचा (मोबाइल जेएमआरआयशी जोडणाऱ्या सोयीचा) १२०९० हा पोर्ट विंडोजच्या फायरवॉलमध्ये मोकळा करा, दोन्ही उपकरणं एकाच वायफायवर आणा (गेस्ट नेटवर्क चालत नाही), आणि तरी नाही सापडलं तर आयपी पत्ता हाताने भरा.

इतकं करून अडलात तर जरूर विचारा, पण सोबत तीन गोष्टी पाठवा: जेएमआरआय आणि जावाची आवृत्ती (जेएमआरआय ५ पासून किमान जावा ११ लागतं), हेल्प मेनूतल्या लोकेशन्समधून उघडणारी लॉगची फाइल, आणि थ्रॉटल हलवतानाच्या मॉनिटरमधल्या दहा-बारा ओळी. ओळी मजकूर म्हणून चिकटवा. तिरक्या कोनातून काढलेल्या स्क्रीनच्या फोटोत पूर्णविराम आणि स्वल्पविराम सारखेच दिसतात.