जुन्या ट्रकचे युनिव्हर्सल जॉइंट बदलताना

गिअर टाकताच मागून येणाऱ्या ‘खट्’ आवाजाचा दोष मी बरेच दिवस डिफरन्शियलच्या (मागच्या चाकांमधल्या गिअरपेटीच्या) माथी मारत होतो. प्रत्यक्षात प्रॉपेलर शाफ्टचे (इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्याचे) दोन्ही क्रॉस, म्हणजे युनिव्हर्सल जॉइंटमधले अधिकच्या चिन्हासारखे तुकडे, झिजले होते. चाकांखाली दगड लावून शाफ्ट उतरवण्यापूर्वी फ्लँज (शाफ्ट बोल्टने जोडायची चकती) आणि स्लिप योक (क्रॉस धरणारा, मागेपुढे सरकणारा दुबेळका) यांवर रंगाच्या खुणा केल्या, कारण शाफ्टच्या दोन टोकांचे योक एका रेषेत न बसल्यास नवे क्रॉस घालूनही थरथर कायम राहते. खरी परीक्षा क्रॉसच्या टोकांवरचे बेअरिंगचे कप बसवताना होते: बेअरिंगची एखादी सुई (बारीक रोलर) ग्रीसमधून निसटून तळाशी आडवी पडली, तर कप पूर्ण आत जात नाही आणि सर्क्लिपची (कप जागी धरणाऱ्या कडीची) खाच उघडी होत नाही. माझ्याकडून हे एकदा झालेच. हातोडीने दामटण्याचा मोह (तो होतोच) आवरून कप पुन्हा काढला. बसवलेला क्रॉस जरा जड फिरत होता. योकला हलका ठोका देताच तो मोकळा झाला.