रविवारचं मैदान आणि इन्शुरन्सचा कागद : माझा अनुभव

रविवारी सकाळी दोन तास सिटीच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, मैदानावर फ्लॅग फुटबॉल (अमेरिकन फुटबॉलचा पाडापाडी नसलेला प्रकार) खेळायला मिळावं, एवढीच आमची मागणी होती. माणसं होती, मैदान त्या वेळी रिकामं होतं, पैसे भरायची तयारी होती. तरी इन्शुरन्सच्या एका कागदापायी आमचा अख्खा वसंत वाया गेला. बे एरियात, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात, कुणी असा ग्रुप जमवत असेल, तर त्यांचा तरी वेळ वाचावा म्हणून हे लिहितेय. राग अजून पुरता गेलेला नाही, तो लिहिताना मध्येमध्ये डोकावेल.

कॅलिफोर्नियात शाळांच्या खेळांचा कारभार बघणाऱ्या सीआयएफने फेब्रुवारी २०२३ मध्ये मुलींच्या फ्लॅग फुटबॉलला अधिकृत खेळाची मान्यता दिली. माझी मुलगी शाळेच्या टीममध्ये गेली आणि तिला सोडायला-आणायला येणारे आम्ही पालक बाजूला उभे राहून बॉल फेकायला लागलो. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आयओसीचं (आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचं) अधिवेशन आपल्या मुंबईत भरलं होतं. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेट येणार म्हणून घरोघरी आनंद झाला. त्याच ठरावात फ्लॅग फुटबॉलही होतं, पुरुषांचं आणि बायकांचंही. तेव्हापासून ‘आम्हीही येऊ का?’ असं विचारणारे वाढतच गेले.

या खेळात कुणाला पाडायचं नाही, धक्का द्यायचा नाही. बॉल घेऊन पळणाऱ्याच्या कमरेच्या पट्ट्याला लटकणारी फीत ओढली की चाल तिथेच संपली. पाच विरुद्ध पाच. त्यामुळे पन्नाशीतल्या बाईला आणि कॉलेजातल्या पोराला एकाच टीममध्ये खेळता येतं. मुलाकडे पुण्याहून आलेले एक काका, तरुणपणी भरपूर कबड्डी खेळलेले, पहिल्याच दिवशी धडाधड फिती उपसायला लागले. ‘समोरच्याच्या डोळ्यांकडे बघू नका, कमरेकडे बघा, ती फसवत नाही,’ असं त्यांनी आम्हाला शिकवलं. शाळेत खेळणाऱ्या माझ्या मुलीनेही ते उचललं.

परमिटशिवाय आमचं बरं चाललं होतं. मग एका रविवारी परमिटचा कागद हातात घेऊन सॉकरवाले आले आणि आम्हाला निघावं लागलं. त्यांचं काही चुकलं नव्हतं. त्याच संध्याकाळी मी सिटीच्या संकेतस्थळावर अर्ज भरला. सभासदांचे पत्ते, राहत असल्याचे पुरावे, वेळ, मैदान, सगळं सुरळीत झालं. मैदानांच्या वाटपात मुलांच्या लीगना पहिला मान, मग गावात राहणारी मोठी माणसं, मग बाहेरची, असा आमच्याकडे क्रम आहे आणि तो मला मान्य आहे. निम्म्याहून जास्त सभासद त्याच सिटीत राहणारे हवेत, ही अटही ठीक. (बाहेरच्या मित्रांना यादीत घालायच्या आधी हा हिशोब करून ठेवा.)

घोडं अडलं ते इन्शुरन्सपाशी. अट अशी: ग्रुपच्या नावाने जनरल लायबिलिटी पॉलिसी (दुसऱ्याच्या इजेचे-नुकसानीचे दावे आपल्यावर आले तर भरणारी), एका घटनेला १० लाख डॉलरचं संरक्षण आणि त्यात सिटीला ‘अॅडिशनल इन्शुअर्ड’ म्हणून घेतलेलं. म्हणजे खेळताना काही झालं आणि दावा सिटीवर आला, तर आमच्या पॉलिसीने सिटीलाही सांभाळायचं. मैदान त्यांचं आहे, तेव्हा ही अपेक्षा रास्त आहे. पॉलिसी घेतली. ब्रोकरने सर्टिफिकेट पाठवलं. अकॉर्ड २५ नावाचा तो एकपानी फॉर्म असतो. त्यात डाव्या बाजूला एक अरुंद रकाना असतो आणि तिथे नखाएवढा ‘वाय’ टाकला की सिटी अॅडिशनल इन्शुअर्ड आहे असा अर्थ. आमच्या फॉर्मवर तो ‘वाय’ होता. खाली सिटीचं नाव-पत्ता होता. मी अपलोड केला आणि निश्चिंत झाले.

अर्जाची स्थिती ‘पेंडिंग’वरून ‘इनकम्प्लीट’ झाली. कारणाच्या चौकटीत एक ओळ: इन्शुरन्स अपुरा. काय अपुरं, ते नाही. फोन केला तर मैदानाचं बुकिंग बघणाऱ्या बाई म्हणाल्या, ‘आमच्याकडून सगळं झालंय, कागद रिस्कवाल्यांकडे आहे.’ म्हणजे इन्शुरन्सचे कागद तपासणाऱ्या सिटीच्याच दुसऱ्या विभागाकडे. रिस्कवाल्यांचा नंबर? तो देता येत नाही. ईमेल? तोही आमच्यामार्फतच जाईल. म्हणजे माझा प्रश्न एका बाईंकडे, त्यांच्याकडून एका न दिसणाऱ्या टेबलावर, तिथून अर्धं उत्तर परत. दर फेरीला काही दिवस जायचे आणि तेवढ्यात एक रविवार हातचा जायचा.

पहिलं अर्धं उत्तर आलं: एंडोर्समेंट जोडा. सर्टिफिकेटवर तो ‘वाय’ असून भागत नाही, पॉलिसीत खरोखर बदल केल्याचं वेगळं पान लागतं. खरं तर सर्टिफिकेटवरच छापलेलं असतं की हा कागद केवळ माहितीसाठी आहे, त्याने कुणाला हक्क मिळत नाहीत. म्हणजे रिस्कवाल्यांचा मुद्दा योग्यच. पण हे नियमांच्या पानावर पहिल्या दिवशी का लिहू नये? ब्रोकरकडून ते पान मागवलं. जोडलं. परत ‘इनकम्प्लीट’. आता म्हणे एंडोर्समेंटमध्ये नुसतं सिटीचं नाव आहे, तिचे अधिकारी, कर्मचारी आणि स्वयंसेवक हे शब्द नाहीत. ते घातले. मग म्हणे अर्जावरचं नाव आणि पॉलिसीवरचं नाव जुळत नाही. अर्ज माझ्या नावाने, कारण त्यांच्या सिस्टिममध्ये खातं माणसाच्याच नावाने उघडतं. पॉलिसी ग्रुपच्या नावाने, कारण त्यांचीच तशी अट. दोन्ही नियम त्यांचे आणि त्यांची सांगड आम्ही घालायची!

माझा संताप झाला तो आक्षेप घेतल्याचा नव्हे. चार आक्षेप असतील तर चारही एकदम सांगा. एकेक करून हातावर ठेवता आणि प्रत्येक वेळी अर्ज रांगेत शेवटी जातो, तेव्हा समोरच्या माणसाच्या वेळेची तुम्हाला काही किंमत नाही, असंच वाटतं. आमच्यातले दोघेतिघे कंटाळून जिमकडे वळले. काकांचा व्हिसा संपत आला, ते पुण्याला परत गेले. त्यांना खेळायला मिळालं असतं ते रविवार परत कसे यायचे?

शेवटी एक दिवस सुट्टी टाकून मी काउंटरवर गेले. भांडायला नाही. एकच विनंती घेऊन गेले: ‘तुम्ही आधी मंजूर केलेल्या एखाद्या ग्रुपचे कागद नाव झाकून दाखवता का?’ तिथला तरुण मुलगा आत गेला आणि मला वाटलं आता हा येत नाही. आला, हातात तीन पानं. पहिलं सर्टिफिकेट, दुसरं एंडोर्समेंट, तिसरं तसलंच एक पान, आमची पॉलिसी आधी दावा भरेल, सिटीची नंतर, असं सांगणारं. ते तिसरं पान आमच्याकडे कधी कुणी मागितलंच नव्हतं. मी तिथेच उभ्या उभ्या फोटो काढून ब्रोकरला पाठवले. नावाचा घोळ त्या मुलाने अर्जाच्या शेऱ्यात एक ओळ टाकून मिटवला: अमुक बाई तमुक ग्रुपतर्फे. ब्रोकरने संध्याकाळपर्यंत तिन्ही पानं हुबेहूब तशी पाठवली. पुढच्याच आठवड्यात परमिट आलं. ते वाचताना माझा जीव भांड्यात पडला आणि मी घरभर नाचले.

म्हणून सांगते, पहिल्याच दिवशी मंजूर झालेला नमुना मागा. ईमेलवर नाही मिळाला तर काउंटरवर जाऊन मागा.

पॉलिसी घेताना ‘फ्लॅग’ हा शब्द लिहिलेला आहे ना, ते बघा. टॅकल, म्हणजे पाडापाडीचं, फुटबॉल इन्शुरन्सवाले वेगळ्या, जास्त जोखमीच्या गटात धरतात. दुसरं याहून महत्त्वाचं: काही स्वस्त पॉलिसींमध्ये खुद्द खेळाडूंना झालेली इजा वगळलेली असते, बघायला आलेल्या माणसाला बॉल लागला तर भरपाई आणि खेळणाऱ्याने दावा केला तर काही नाही. ‘पार्टिसिपंट’ या शब्दाशेजारी ‘एक्सक्लूजन’ दिसलं की ती पॉलिसी घेऊ नका. सर्वात स्वस्त पॉलिसीत नेमकं हेच आमच्या ब्रोकरने मला दाखवलं आणि ते वाचवलेले पैसे पुढे फार महागात पडले असते.

आणखी एक आठवलं. पूर्ण मैदान मागू नका. फ्लॅग फुटबॉलचं मैदान टोकाच्या झोन धरून ७० यार्ड लांब आणि २५ यार्ड रुंद, म्हणजे नेहमीच्या सॉकर मैदानावर शेजारीशेजारी दोन बसतात. आम्ही अर्धं मागितलं म्हणून भाडंही कमी लागलं आणि उरलेल्या अर्ध्यावर मुलांचा सराव चालतो, कुणाची आडकाठी नाही.

खिसे असलेली चड्डी घालून कुणाला येऊ देऊ नका, फीत ओढताना बोट खिशात अडकतं आणि मुरगळतं. टर्फवर (कृत्रिम गवतावर) बुटांचे धातूचे स्पाइक चालत नाहीत, परमिटच्या अटींतच लिहिलेलं असतं. फिती वेल्क्रोच्याऐवजी ‘पॉप’ प्रकारच्या घ्या. ओढल्यावर टप् असा आवाज येतो, त्यामुळे निघाली की नाही यावर वाद होत नाही. नव्या माणसांना रशरचा नियम आधी समजवा: बचाव करणाऱ्याला थेट क्वार्टरबॅकवर (बॉल फेकणाऱ्यावर) धावायचं असेल तर चाल जिथून सुरू होते त्या रेषेच्या ७ यार्ड मागून सुरुवात करावी लागते.

पॉलिसीची शेवटची तारीख परमिटच्या शेवटच्या रविवारच्या पुढची हवी. आमची सप्टेंबरात संपते, म्हणून हिवाळ्याच्या अर्जाआधीच नूतनीकरण करून ठेवलंय, तिन्ही पानांसकट. कुणाला नमुना हवा असेल तर मागा. पॉलिसी नंबर झाकून पाठवीन, फक्त सिटीचं नाव तुमच्या सिटीचं घाला.